चौथं सॉकेट: एका व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचं प्रकरण

काकांचा फोन आला तेव्हा त्यांचा निर्णय झालेला होता. "अरे, ते नवे व्हॉल्व्हसुद्धा बोगस निघाले बघ. खरे मुलार्ड कुठे मिळतील तेवढं सांग, पैशांचं बघू." उजव्या ॲम्प्लिफायरमधला एक आउटपुट व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारी काचेची नळी, लाल होत होता. आधी जुना लाल झाला, म्हणून जोडी बदलली. त्या जागी आलेला नवाही तीन आठवड्यांत लाल व्हायला लागला. दोन्ही खराब, असा त्यांचा सरळ हिशेब.

मी एवढंच विचारलं, "काका, आत्ता लाल होतोय तो कुठल्या जागेवरचा?"

"उजवीकडच्या डब्यात, मागचा."

"आणि आधी लाल झालेला?"

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "तोही तिथलाच की रे."

प्रकरण इथेच निम्मं सुटलं. उरलेल्या निम्म्याला चार रविवार लागले. लाल होण्याचं कारण सापडलं तरी मूळ प्रश्न शिल्लकच होता: तोवर टेबलावर चार तऱ्हांचे ईएल८४ (हेच ते आउटपुट व्हॉल्व्ह) जमले होते, त्यांतले ठेवायचे कुठले?

यंत्र असं आहे. काकांच्या वडिलांनी साठच्या दशकात स्वतः जोडलेले दोन मोनो ॲम्प्लिफायर, डाव्या आणि उजव्या स्पीकरला एकेक. मांडणी मुलार्ड कंपनीने हौशी लोकांसाठी प्रसिद्ध केलेली ‘५-१०’, म्हणजे पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट. पहिला ईएफ८६, बारीक सिग्नल मोठा करणारा. मग ईसीसी८३, त्या सिग्नलच्या एकमेकींच्या उलट अशा दोन प्रती करणारा. त्यांवर चालणारी ईएल८४ ची जोडी, एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते. आणि वीजपुरवठ्याला ईझेड८१. या नावांत सगळी जन्मपत्रिका आहे: ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, सी म्हणजे तीन भागांचा ट्रायोड (दोन सी म्हणजे एका काचेत दोन), एफ लहान सिग्नलचा पाच भागांचा पेंटोड, एल आउटपुटचा, झेड एसीची डीसी करणारा रेक्टिफायर. आणि ८० च्या घरातला आकडा म्हणजे नऊ पिनांचा छोटा पाया. अमेरिकन लोक याच ईएल८४ ला ६बीक्यू५ म्हणतात आणि ईसीसी८३ ला १२एएक्स७. दुकानात दोन नावांनी दोन किमती ऐकल्या तरी गोंधळून जायचं कारण नाही.

वडिलांनी बसवलेले व्हॉल्व्ह मुलार्डचे नव्हतेच. काचेवर बीईएल. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांतले रेडिओ त्यांवर चालले. काकांना मात्र ते कायम ‘साधे’ वाटत आले. परदेशी शिक्का नाही ना!

पहिल्या रविवारी मी मीटर घेऊन गेलो. व्हॉल्व्हच्या यंत्रात तीनशेहून जास्त व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही फिल्टरच्या कपॅसिटरमध्ये ते बसून राहतात. म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे: यंत्र बंद, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा केलेला, मीटरची वायर क्लिपने अडकवलेली, मग बटण, आणि दोन्ही हात लांब. आकडा वाचायचा, बंद करायचं, पुढच्या जागेवर जायचं. वेळखाऊ आहे, पण काकांना दाखवायलाही हीच पद्धत बरी.

दिवे मालवल्यावर चौथ्या व्हॉल्व्हची राखाडी प्लेट, म्हणजे आतले इलेक्ट्रॉन झेलणारा पत्रा, एका बाजूने मंद लाल दिसली. हीटरचा नारिंगी उजेड वेगळा. तो मधल्या नळीच्या टोकांतून डोकावतो आणि प्रत्येक चांगल्या व्हॉल्व्हमध्ये असतो. काचेच्या आतल्या अंगावर कधी निळसर झाक दिसते, तीही निरुपद्रवी. निळा-जांभळा उजेड प्लेटच्या आतबाहेर धुरासारखा भरलेला दिसला तर मात्र हवा शिरली असं समजावं. आणि वरची चंदेरी गेटरची (उरलीसुरली हवा शोषणाऱ्या थराची) टोपी पांढरी पडली असेल तर प्रश्नच मिटला, तो व्हॉल्व्ह गेला. काकांच्या सगळ्या व्हॉल्व्हचं चंदेरी शाबूत होतं. ती टोपी लहान की मोठी यावरून लोक आयुष्य सांगतात, मी सांगत नाही.

चासीवर मार्करने १ ते ४ लिहिलं. डावीकडे १ आणि २, उजवीकडे ३ आणि ४. या यंत्रात प्रत्येक ईएल८४ च्या कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला, २७० ओमचा स्वतंत्र रेझिस्टर आहे, त्यामुळे काम सोपं: त्याच्यावरचे व्होल्ट मोजायचे, २७० ने भागायचं, त्या व्हॉल्व्हमधून जाणारा प्रवाह मिळतो. आकडे आले ११.६, ११.९, ११.४ आणि १६.९. म्हणजे पहिल्या तिघांतून ४२ ते ४४ मिलिअँपिअर, चौथ्यातून जवळपास ६३. त्यातले सातेक स्क्रीनचे (प्लेटच्या अलीकडच्या जाळीचे) सोडले तर प्लेटला ५५ उरतात, आणि प्लेट-कॅथोडमध्ये ३०८ व्होल्ट. गुणाकार १७ वॅट. ईएल८४ च्या प्लेटला सोसवणारी उष्णता १२ वॅट. लाल होईल नाहीतर काय!

मग काकांनी तीन आठवड्यांपूर्वीच करायला हवी होती ती गोष्ट केली: ३ आणि ४ ची अदलाबदल. ज्याला ते बोगस म्हणत होते तो व्हॉल्व्ह तिसऱ्या सॉकेटमध्ये शहाण्यासारखा बसला आणि तिसऱ्यातला शहाणा चौथ्यात जाऊन दहा मिनिटांत लाल व्हायला लागला. दोष व्हॉल्व्हबरोबर गेला तर व्हॉल्व्हचा, जागेवर राहिला तर जागेचा. या एका चाचणीला पैसा लागत नाही, आणि तरीही ती करण्याआधी लोक नवे व्हॉल्व्ह मागवतात. मीही एकेकाळी मागवलेत.

आता जागेचं काय बिघडलंय? चौथ्याच्या ग्रिडवर, म्हणजे प्रवाहाला आवर घालणाऱ्या जाळीवर, मोजलं. तिथे शून्य असायला हवं. आलं अधिक ७.२ व्होल्ट. ग्रिड असं अधिक होण्याची दोन कारणं असतात. एकतर व्हॉल्व्हच्या आत थोडी हवा उरलीय आणि तोच ग्रिडमधून प्रवाह ढकलतोय. नाहीतर अलीकडच्या ईसीसी८३ च्या प्लेटवरचे सव्वादोनशे व्होल्ट अडवणारा कपलिंग कपॅसिटर गळतोय. दोन्ही ओळखायची युक्ती जुनी आहे: यंत्र बंद करून व्हॉल्व्ह काढून घ्यायचा आणि रिकाम्या सॉकेटवर पुन्हा मोजायचं. व्होल्ट गेले तर व्हॉल्व्ह दोषी, राहिले तर कपॅसिटर.

राहिले.

ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओम, म्हणजे गळती अवघी १५ मायक्रोअँपिअर. उलट हिशेब केला तर कपॅसिटर १४ मेगओमच्या रेझिस्टरसारखा वागत होता. गंमत म्हणजे सोडवून मीटरच्या ओमवर लावला तर तो धडधाकट दिसला. मीटर त्याच्यावर एखाद-दोन व्होल्ट लावतो, कामावर असताना त्याच्यावर दोनशे पडतात, आणि शेजारच्या रेझिस्टरची ऊबही लागते. साठ वर्षांचा मेणात बुडवलेला कागदी कपॅसिटर. त्याने आणखी किती करायचं? चारही कपलिंग कपॅसिटर बदलले. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलिनचे आणले, चौघांचा मिळून खर्च रिक्षाभाड्याएवढा.

चौथं सॉकेट ११.७ वर आलं. काका खूश, मी नाही. कारण उरलेल्या तिघांचा गुणाकारही मी करून पाहिला होता: ३८ मिलिअँपिअर गुणिले ३१५ व्होल्ट, बरोबर १२ वॅट. म्हणजे ‘चांगले’ व्हॉल्व्हसुद्धा मर्यादेच्या काठावर, आणि प्लेटची ३०० व्होल्टची मर्यादा तर ओलांडलेलीच. कारण भिंतीत होतं. ट्रान्सफॉर्मर २३० च्या टॅपवर (त्या दाबासाठी काढलेल्या टोकावर) जोडलेला आणि काकांच्या सोसायटीत संध्याकाळी २४३ व्होल्ट येतात. हीटरवर ६.३ ऐवजी ६.६५. हीटरला दहा टक्के इकडे-तिकडे चालतं, त्यामुळे ते एकटं गंभीर नव्हतं, पण हाय टेन्शन, म्हणजे व्हॉल्व्हना मिळणारा मुख्य डीसी दाब, ३३५ झालं होतं. वडिलांनी ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेताना २४० चा टॅपही ठेवला होता. वायर तिकडे सरकवली: हीटर ६.३८, हाय टेन्शन ३२१, प्लेटवर जवळपास ११ वॅट. जुने व्हॉल्व्ह विकत घेणाऱ्या कुणीही आधी घरातला विजेचा दाब मोजावा असं माझं मत आहे. दुर्मीळ म्हणून जपून आणलेला व्हॉल्व्ह दहा टक्के जास्त दाबावर रोज भाजत ठेवायचा, यात काय रसिकता?

दुसऱ्या रविवारी गेलो तर टेबलावर पार्सल. काकांना धीर धरवला नव्हता. ‘न वापरलेले, मूळ डब्यातले, जुळवलेले’ असे चार मुलार्ड, एका ऑनलाइन विक्रेत्याकडून. जितके पैसे गेले त्यात नवे आठ आले असते.

मुलार्डचे व्हॉल्व्ह इंग्लंडमध्ये लँकेशायरातल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनत. काचेवरची रंगीत छपाई बोटाने पुसली जाते, त्यामुळे ती पुन्हा छापणंही सोपं. जाणकार म्हणूनच काचेच्या तळाकडे बघतात, जिथे दोन ओळींचा बारीक करडा कोड असतो. ईएल८४ असेल तर पहिल्या ओळीत आर-एक्स ही अक्षरं. दुसऱ्या ओळीचं पहिलं अक्षर कारखान्याचं, ब्लॅकबर्नला बी. पुढे वर्षाचा एकच अंक, महिन्याचं अक्षर, आठवडा. एकच अंक असल्याने ४ म्हणजे १९६४ की १९७४ ते कोड सांगत नाही, आतल्या बांधणीवरून ठरवावं लागतं. भिंगाखाली काकांच्या चारांपैकी एकावर हा कोड सापडला. बाकी तिघांवर काहीच नाही, छपाई मात्र कालच्यासारखी ताजी. शिवाय त्या तिघांची प्लेटची शिवण आणि गेटरचा आधार पहिल्यासारखा नव्हता, आणि एकमेकांसारखाही नव्हता. ‘जुळवलेले’ हा शब्द कुठल्या अर्थाने वापरला होता कोण जाणे.

तो शब्द तसा फसवाच. डब्यावर प्रवाहाचा आकडा चिकटवलेला असतो, पण तो किती प्लेट व्होल्टवर, किती ग्रिड व्होल्टवर, किती मिनिटं तापवून मोजला, हे क्वचित लिहिलेलं असतं. स्वस्त टेस्टर कमी व्होल्टवर नुसतं उत्सर्जन (कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात का ते) बघतो आणि सुई हिरव्यात गेली की ‘उत्तम’. खरा टेस्टर आपला ॲम्प्लिफायरच, त्याचे कपॅसिटर आणि व्होल्ट ठीक असतील तर. आता ते ठीक होते.

प्रत्येक व्हॉल्व्ह अर्धा तास तापवून तीन गोष्टी लिहिल्या: कॅथोडचे व्होल्ट, ग्रिडचे व्होल्ट, आणि अर्ध्या तासात ते किती सरकले. बीईएलच्या चारांपैकी चौथ्या सॉकेटात भाजलेला एक बाद, बाकी तीन १०.१ ते १०.३ वर, जागचे हलले नाहीत. बोगस ठरवलेली नवी जोडी स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीची: १०.९ आणि १०.८, तीन आठवडे छळ सोसलेल्यासुद्धा. माझ्याकडची रशियन जोडी १०.६ आणि १०.९. ही जोडी ६पी१४पी-ईव्ही नावाची, ईएल८४ ची दणकट बहीण. पार्सलमधल्यांपैकी कोडवाला १०.७. बिनकोडच्या तिघांत एक ८.१, म्हणजे थकलेला. दुसरा ९.६, चालवून घेण्याजोगा. तिसऱ्याने खरी करमणूक केली: सुरुवातीला १०.२, पंधरा मिनिटांनी १०.७, अर्ध्या तासाने ११.४ आणि चढतोच आहे. ग्रिडवर अधिक १.४ व्होल्ट. व्हॉल्व्ह काढला, ग्रिड शून्यावर. या वेळी मात्र दोषी व्हॉल्व्हच होता, आतली निर्वात पोकळी बिघडलेली. पहिल्या रविवारचीच चाचणी, उत्तर उलटं. काकांनी ती स्वतः केली आणि कपाळाला हात लावला.

जोडी जुळणं का महत्त्वाचं ते इथे सांगायला हवं. दोन्ही बाजूंनी सारखा प्रवाह असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडात त्यांचे परिणाम एकमेकांना कापतात. विजेच्या पुरवठ्यातली घरघरही तशीच कटते. एक व्हॉल्व्ह ३० आणि दुसरा ४० वर असेल तर लोखंड एका अंगाला झुकतं, तबल्याचा बायाँ आधी मळतो आणि शांत जागी गुणगुण ऐकू येते. पण स्वतंत्र कॅथोड रेझिस्टर असलेल्या यंत्रात व्हॉल्व्ह स्वतःला थोडा सावरून घेतो. जास्त ओढायला लागला की त्याचा कॅथोड वर चढतो आणि त्यालाच आवरतो. एक-दोन मिलिअँपिअरसाठी झोप घालवायची गरज नाही.

मग ताकद. आठ ओमचा जाडजूड रेझिस्टर स्पीकरच्या जागी, १ किलोहर्ट्झचा सूर, आणि माझा म्हातारा ऑसिलोस्कोप. लाटेचा माथा सपाट व्हायला लागायच्या क्षणी जेजेवर ९.० व्होल्ट, म्हणजे १०.१ वॅट. रशियन ९.९. बीईएल ९.५. ऐकायला यांत फरक पाव डेसिबलचा, म्हणजे नसल्यातच जमा. कोडवाला मुलार्ड आणि ८.१ चा थकलेला, अशी पार्सलमधली एक जोडी लावली, तर ७.२.

एवढ्यावर काकांचं समाधान होणार नव्हतं. "आकडे ठीक रे, पण गोडवा?" रास्त प्रश्न. मात्र व्हॉल्व्ह बदलायचा, तापायला अर्धा तास द्यायचा आणि मग आधीचा आवाज आठवून तुलना करायची, यात आपण आवाजापेक्षा आपल्याच आठवणीची परीक्षा घेतो. दोन मोनो यंत्रं आहेत याचा फायदा घेतला. डावीकडे बीईएल, उजवीकडे जेजे. नाट्यसंगीताची एक जुनी मोनो तबकडी, सिग्नल दोघांना एकदम, स्पीकर एकच, आणि मधे मी केलेला स्विच. ज्या यंत्राला त्या क्षणी स्पीकर नाही त्याला आठ ओमचा रेझिस्टर जोडलेला राहील अशी सोय केली, कारण व्हॉल्व्हचं यंत्र मोकळ्या आउटपुटवर जोरात चालवलं तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. दोन्हींचा आवाज मीटरवर सारखा केला. नंतर व्हॉल्व्हची अदलाबदल करून सगळं पुन्हा, म्हणजे फरक व्हॉल्व्हचा की यंत्राचा तेही कळेल.

काका स्विच न बघता बसले. पहिल्या दोन वेळा ठामपणे ओळखलं, पुढच्या दहांत पाच बरोबर. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, चार वेळा ऐकलं आणि म्हणाल्या, "दोन्ही सारखंच आहे, पण हा डावीकडचा मधेच टिंग करतो." टिंग! आम्ही दोघं अर्धा तास आउटपुट व्हॉल्व्हचा गोडवा शोधत होतो आणि त्यांनी दोष पहिल्या ईएफ८६ चा धरला. पेन्सिलने हलकेच टिचकी मारली तर स्पीकरमधून घंटेसारखा नाद. याला मायक्रोफोनी म्हणतात, आतले नाजूक भाग थरथरतात आणि ती थरथर सिग्नल होऊन बाहेर येते. पहिल्या जागेवरच्या व्हॉल्व्हची प्रत्येक खोड पुढच्या सगळ्या टप्प्यांतून मोठी होत जाते. म्हणून पैसे खर्च करायचेच तर ते माझ्या मते इथे करावेत. शेवटच्या जोडीतले फरक या मांडणीत भरपूर निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून आत देणं) असल्याने आधीच दाबले जातात. फीडबॅक नसलेल्या, एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या यंत्रात मी असं छातीठोक बोलणार नाही.

पार्सलमधली थकलेली जोडी मात्र मोठ्या आवाजाला दर वेळी ओळखू आली, दोघांनाही. काचेवर मुलार्ड लिहिलेली तेवढी एकच जोडी आमच्या कानांनी अचूक पकडली.

चौथ्या रविवारी निर्णय. मी नवे चार एकाच कंपनीचे घ्या म्हणून सुचवलं. बाजारात आज सहज मिळतात, आणि बिघडले तर परत करता येतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंदी घातली तेव्हा व्हॉल्व्हच्या किमती कशा उसळल्या ते बघितल्यापासून एक सुटी जोडी घरात असावी असंही म्हणालो. काकांनी ऐकून घेतलं आणि डावीकडे वडिलांचे बीईएल, उजवीकडे जेजे असंच ठेवलं. दोन बाजूंना दोन कंपन्या, हे ऐकून व्हॉल्व्हचे शौकीन कानाला हात लावतील. "तूच म्हणालास ना फरक कळत नाही?" यावर मला बोलता आलं नाही. तिसरा बीईएल सुटा म्हणून कापसात. डावीकडचा ईएफ८६ बदलला, सॉकेटच्या पिना साफ करून किंचित आवळल्या, उजवीकडची अधूनमधून होणारी खरखर त्यातच गेली. विक्रेत्याने तिघांचे पैसे परत करायला नकार दिला. कोडवाला खरा मुलार्ड एकटा पडला, तो शोकेसमध्ये काकूंच्या चिनीमातीच्या बदकाशेजारी उभा आहे.

काकांनी एक वही केली आहे. दर तीन महिन्यांनी, तीन तास चालल्यावर, चार कॅथोडचे व्होल्ट आणि भिंतीतला दाब. परवाचं पान त्यांनी फोनवर वाचून दाखवलं: १०.१, १०.२, १०.८, आणि चौथं सॉकेट १०.९. "भिंतीत आज २४६ आहेत," ते म्हणाले, "तेव्हा थोडं जास्त दिसणारच."